शंभर सीसीची स्प्लेंडर, ४५ अंशांचं ऊन आणि ऑइलचा नंबर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो बरोबर समजला की नाही हे तुम्हालाही कळेल. तुमची स्प्लेंडर २०१३ ची, ८६ हजार किलोमीटर चाललेली. घाटंजी तालुक्यातल्या गावातून सकाळ-संध्याकाळ दुधाचे दोन कॅन लादून डेअरीवर जाता. दिवसाला साठेक किलोमीटर होतात, त्यातला काही रस्ता पांदणीचा. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० ऑइल लिहिलंय. दुकानदार म्हणतो, ‘एवढ्या उन्हात ते पाण्यासारखं होते, २०डब्ल्यू-५० टाका.’ मेहुण्याच्या पल्सरमध्ये तेच असतं आणि ती मस्त चालते. घरी ट्रॅक्टरच्या डब्यात १५डब्ल्यू-४० उरलंय, ते टाकलं तर चालेल का, हेही विचारलंय. आणि अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय की हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल कमी होतं.

माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. तुमच्या इंजिनात मावतं लिटरभर ऑइल. साठ किलोमीटर रोज, म्हणजे महिन्याला अठराशे. महिन्याभरात जवळपास अर्धं ऑइल गायब. तुम्ही तीन हजार किलोमीटरला ऑइल बदलत असाल आणि मध्ये भरत नसाल, तर बदलायला येईपर्यंत आत पाव लिटरच्या आसपासच उरतं. एवढ्याशा ऑइलवर कोणताही नंबर इंजिन वाचवू शकत नाही. म्हणून हे पूर्ण वाचायच्या आधी उठा, गाडी मेन स्टँडवर लावा आणि ऑइल मोजायची पट्टी पाहा. कशी पाहायची ते खाली सांगतो, कारण निम्मे लोक ती चुकीची पाहतात.

मी राळेगावकडे सव्वीस वर्षं गॅरेज चालवतोय. येणाऱ्या दहा गाड्यांतल्या सात-आठ याच शंभर-सव्वाशे सीसीच्या असतात, बाकी ट्रॅक्टर आणि मालवाहू पिकअप. इथलं ऊन, इथली धूळ, इथली ओझी मला माहीत आहेत, त्यामुळे पुस्तकात लिहिलंय तेच टाका एवढं सांगून थांबत नाही. पण पुस्तक का सोडायचं आणि कुठवर सोडायचं, हे समजून मग सोडावं.

आधी डब्यावरचे आकडे. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. बरेच जण त्याला वेट, म्हणजे वजन समजतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. १०डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे २५ अंशांवर होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ वर: एवढ्या गारठ्यात इंजिन फिरवता येईल इतपत ते पातळ राहतं का, हे पाहतात. आपल्याकडे नागपूरचा पारा २०१८ च्या डिसेंबरात साडेतीन अंशांवर उतरला होता, तेव्हा पेपरात मोठे मथळे आले होते. म्हणजे किक बसेल की नाही या हिशेबाने आपल्याला १०, १५, २० यांतलं काहीही चालतं. तरी हा आकडा बिनकामाचा नाही. जानेवारीत पहाटे पाचला, दूध काढून झाल्यावर तुम्ही किक मारता तेव्हा ऑइल खालून वर हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या डोक्यापर्यंत, किती लवकर पोचतं, ते यावर ठरतं. ते पोचेपर्यंत तिथले कॅम आणि रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, जुन्या ऑइलच्या पुसट थरावर घासत असतात. इंजिनाची झीज भर रस्त्यात जेवढी होत नाही तेवढी या सुरुवातीच्या क्षणांत होते.

दुसरा आकडा तापलेल्या ऑइलचा. १०० अंशांवर ऑइल किती घट्ट राहतं ते मोजतात, मोजायचं एकक सेंटिस्टोक. ३० नंबरला ते ९.३ ते १२.५ च्या दरम्यान हवं, ४० नंबरला १२.५ ते १६.३, आणि ५० नंबरला १६.३ ते २१.९. म्हणजे ३० आणि ५० मध्ये चांगला पावणेदोन पटींचा फरक पडतो. हे आकडे कंपनी कोणतीही असो, सारखेच असतात. डबा लाल असो की सोनेरी, १०डब्ल्यू-३० म्हणजे याच पट्ट्यातलं ऑइल.

आता तुमच्या दुकानदाराच्या बोलण्याकडे येतो, कारण हेच वाक्य मी एप्रिल लागला की रोज ऐकतो. बाहेर ४५ अंश, म्हणून ऑइल जाड हवं. ऐकायला बरोबर वाटतं. पण ऑइलला ४५ अंश म्हणजे उन्हाळा नव्हे, ती त्याची थंडीच आहे. ४० अंशांवर १०डब्ल्यू-३० साधारण ७० सेंटिस्टोक असतं आणि २०डब्ल्यू-५० साधारण १६०. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी, कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या तुमच्या गाडीतलं १०डब्ल्यू-३० सुद्धा तापलेल्या इंजिनातल्या ऑइलपेक्षा सहा-सात पट घट्ट असतं. त्याच वेळी त्यात २०डब्ल्यू-५० असेल तर पंपाला दुपटीहून जास्त घट्ट काकवी ओढायची आहे. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश झालं होतं. आपण पोळून निघालो, पण ऑइलच्या दृष्टीने गाडी सुरू करताना तेव्हाही ते घट्टच होतं.

गाडी तापल्यावर मात्र बाहेरच्या उन्हाचा संबंध येतो, आणि इथे इंजिन कसं थंड होतं यावर सगळं अवलंबून आहे. कार, ट्रॅक्टर, पिकअप यांच्यात पाणी फिरतं, त्याचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट असतो. बाहेर २५ असो की ४५, रेडिएटर साफ आणि पंखा धड असेल तर पाण्याचं तापमान जवळपास तेच राहतं, त्यामुळे ऑइलचंही फार बदलत नाही. अशा गाडीत ‘उन्हाळा आहे म्हणून’ नंबर वाढवण्यात काही हशील नाही. कार तापत असेल तर रेडिएटर पाहा, जाडं ऑइल तिला गार करणार नाही.

तुमची स्प्लेंडर हवेवर गार होते. तिचा रेडिएटर म्हणजे हेडवरच्या आणि बोअरवरच्या (पिस्टन फिरतो त्या नळकांड्यावरच्या) त्या फिन, धातूच्या पातळ पात्या. हवा वीस अंशांनी जास्त गरम असेल तर इंजिनही साधारण तेवढंच जास्त गरम चालतं. त्यात दुधाचे दोन भरलेले कॅन, दुसऱ्या गिअरमध्ये पांदणीतून दहा-पंधराच्या वेगाने रांगणं, म्हणजे समोरून वारा नाहीच. अशा वेळी ऑइल १२० अंशांपर्यंत सहज जाऊ शकतं. तिथे ३० नंबरचं ऑइल ७ सेंटिस्टोकच्या आसपास येतं, ४० नंबरचं ९ च्या आसपास राहतं. म्हणून उन्हाळ्यात, ओझ्याच्या, हळू चालणाऱ्या, हवेवर गार होणाऱ्या गाडीला एक पायरी वरचं ऑइल टाकण्यात तथ्य आहे. दुकानदाराचा अनुभव अगदीच खोटा नाही. त्याने दोन पायऱ्या चढवल्या, तिथे चूक झाली.

मी स्वतः काय करतो? गाडी चांगली असेल, ऑइल खात नसेल, तर बारा महिने १०डब्ल्यू-३०. कंपनीने ते ठरवताना राजस्थान आणि विदर्भ नकाशातून वगळले नव्हते. गाडी सत्तर-ऐंशी हजारांच्या पुढे गेलेली, ओझ्याची, थोडं ऑइल खाणारी असेल, तर मार्च ते जून २०डब्ल्यू-४०, आणि दिवाळीच्या सुमाराला परत १०डब्ल्यू-३०. तुमच्यासाठी माझं उत्तर हेच आहे. पावसाळ्यात जे आत आहे ते त्याच्या बदलीच्या वेळेपर्यंत राहू द्या, मुद्दाम काढायची गरज नाही.

२०डब्ल्यू-५० का नको, ते एका गाडीवरून सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

गॅरेज टाकून चार-पाच वर्षं झाली होती. भाजीच्या धंद्यातले एक काका होते, गाडी तुमच्यासारखीच शंभर सीसीची. पहाटे बाजारातून भाजी आणायची आणि दिवसभर गावोगावी विकायची. गाडी धूर मारायची. पिस्टनवरच्या रिंगा, ज्या ऑइल वर जळायला जाऊ देत नाहीत, त्या बदलायला पैसे नव्हते. मी म्हटलं, जाडं ऑइल टाकून पाहू, आणि ५० नंबर भरलं. धूर खरंच कमी झाला. काका खूश. ‘मिस्त्री, धूर गेला ना भाऊ, आता काही पाहाचं काम नाही,’ म्हणाले. मीही खूश. दोन-अडीच महिन्यांनी गाडी टेम्पोत टाकून आणली, किक खालीच जाईना.

इंजिन उघडलं. आतून निघालेलं ऑइल चहाच्या दोन कपांएवढं. कॅमचे उंचवटे घासून बोथट झालेले, रॉकरच्या तोंडाला नखात अडकेल एवढा खड्डा, पिस्टनवर उभे ओरखडे. उजव्या बाजूचं क्लच कव्हर काढून सेंट्रिफ्युगल फिल्टरची, म्हणजे गरगर फिरून ऑइलातला गाळ कडेला फेकणारी, वाटी उघडली, तर कडेला काळ्या गाळाचा जाड थर. बोटाने खरवडला तर पहिल्या पावसानंतरच्या वावरातल्या मातीसारखा चिकट. धूर कमी झाला म्हणून काकांनी पट्टी पाहणं सोडलं होतं. ऑइल खाणं कमी झालं होतं, थांबलं नव्हतं. वर, पहाटेच्या थंडीत ते घट्ट ऑइल हेडला उशिरा पोचत होतं आणि जेवढं होतं तेही गाळाने भरलेलं. जाड्या ऑइलने इंजिन बरं केलं नाही, दुखणं तेवढं झाकलं, आणि झाकलेलं दुखणं आम्हा दोघांनाही दिसलं नाही. रिंगांच्या खर्चाच्या तिप्पट खर्च झाला. अर्धा मी सोसला, कारण सल्ला माझा होता. तेव्हापासून धूर झाकण्यासाठी मी नंबर वाढवत नाही. वाढवलाच तर गाडीवाल्याला आठवड्याला पट्टी पाहायची अट घालतो.

मेहुण्याच्या पल्सरचं म्हणाल तर त्या इंजिनासाठी कंपनीनेच २०डब्ल्यू-५० सांगितलेलं होतं. बुलेटच्या साडेतीनशे सीसीला १५डब्ल्यू-५० लिहिलेलं असतं. बेअरिंगमधली फट, पंपाची ताकद, ऑइलच्या वाटांची रुंदी, हे ज्याने इंजिन काढलं त्याने ठरवलेलं असतं आणि त्या मापाला ऑइल जुळवलेलं असतं. शेजारच्याच्या चष्म्याने आपल्याला दिसत नाही, तसंच हे. आणखी एक, घट्ट ऑइलामुळे पेट्रोल जास्त लागतं. रोज साठ किलोमीटर चालणाऱ्या माणसाला महिन्याच्या शेवटी ते जाणवतं. थंडीत क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते, पहिला गिअर ‘खाड’कन पडतो, तोही घट्ट ऑइलचाच प्रताप.

आता ट्रॅक्टरच्या उरलेल्या ऑइलचं. इथे नंबरापेक्षा मोठी गोष्ट आहे आणि ती डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेली असते. कारच्या इंजिनात क्लच बाहेर कोरडा असतो, गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा तिन्ही एकाच ऑइलात बुडालेले. कारच्या पेट्रोल इंजिनाच्या पातळ ऑइलात बऱ्याचदा घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात, मायलेज वाढावं म्हणून. तीच क्लच प्लेटेवर बसली की क्लच सटकतो. रेस वाढते, गाडी पळत नाही, चढावर कॅन घेऊन उभी राहते. म्हणून मोटरसायकलच्या ऑइलसाठी जासो नावाचं जपानी मानक आहे: डब्यावर इंग्रजीत एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. एमबी लिहिलेलं ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, ते तुमच्या गाडीत नको.

ट्रॅक्टरच्या डिझेल ऑइलात ही निसरडी रसायनं सहसा नसतात, त्यामुळे ‘मी टाकलं, काही झालं नाही’ असं सांगणारे तुम्हाला भेटतील, आणि ते खोटं बोलत नसतात. पण त्यात काजळी धरून ठेवण्यासाठी राख सोडणारी रसायनं जास्त असतात. तुमची गाडी ऑइल जाळते आहे, म्हणजे ती राख थेट पिस्टनच्या डोक्यावर आणि प्लगवर बसणार. रात्री वावरात गाडी कोरडी सापडली आणि दुसरं काहीच नाही, तर ते ऑइल टाकून घर गाठा. कोरड्या इंजिनापेक्षा कोणतंही इंजिन ऑइल बरं. पण भरून दोन-तीन हजार किलोमीटर चालवायला नको. ट्रॅक्टरमध्येही एक घोटाळा होतो तो सांगतो: हायड्रॉलिक आणि गिअरचं ऑइल वेगळं असतं, इंजिनाचं वेगळं. दोन्ही डबे एकाच कोपऱ्यात ठेवले जातात आणि अंधारात अदलाबदल होते. डब्यावर खडूने मोठं लिहून ठेवा.

पट्टी पाहायची रीत. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर. दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली येईल. झाकणाला लागून असलेली पट्टी काढा, स्वच्छ कापडाने पुसा, परत आत ठेवा, पण आटे फिरवून घट्ट करू नका, नुसती टेकवा. काढा आणि पाहा. घट्ट करून पाहिली तर पट्टी जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. साइड स्टँडवर पाहिली तर काहीही दिसतं. वरच्या खुणेच्या वर भरू नका. जास्त भरलेलं ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि लोक म्हणतात गाडी ऑइल फेकते.

पट्टीवर ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. काजळी अंगावर घेऊन ती फिरवत ठेवणं हे त्याचं कामच आहे, डिझेल इंजिनात तर दुसऱ्या दिवशीच काळं होतं. दुधाळ, फेसाळ दिसलं तर मात्र आत पाणी आहे. थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाखाली थोडा फेस जमतो, ती वाफ असते, लांब फेरी झाली की उडते. आणि न भरता ऑइल वाढलं, वासाला पेट्रोल आलं, तर कार्बोरेटर पाहायला हवा, ते ऑइल लगेच काढून टाका.

मग तुमचं पाव लिटर जातं कुठे? तीन ठिकाणं. पहिलं, बाहेर. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी डाग पाहा. चेन स्प्रॉकेटचं कव्हर उघडून आत पाहा, तिथे शाफ्टचं सील गेलं की ऑइल चेनवर उडत राहतं आणि खाली डागही पडत नाही. धुळीने माखलेल्या गाडीत हे वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. स्वस्तातलं सील, तासाभराचं काम. दुसरं, व्हॉल्व्हचे सील. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या किकला निळसर धुराचा एक भपका देते आणि मग साफ होते, ही त्याची खूण. उतारावर थ्रॉटल सोडून आल्यावर परत दिला की धूर येतो, तीही. तिसरं, रिंगा आणि बोअर. ओझं घेऊन चढावर निघालात की धूर, जितकी रेस तितका धूर, पिकअप कमी, प्लग काढला तर तेलकट काळा. तिथे मी कॉम्प्रेशन मोजतो, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजतो. दुसऱ्यांदा आकडा चांगला वाढला तर हवा रिंगांतून जात होती, ऑइलने तेवढ्यापुरती फट बुजवली. वाढला नाही तर रिंगांपेक्षा व्हॉल्व्हकडे संशय.

यातलं कोणतं, हे गाडी पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. पण तुमच्या वापरावरून एका गोष्टीची मला फार काळजी वाटते, ती म्हणजे पांदणीची धूळ. कापसाच्या वेचणीपासून पाऊस लागेपर्यंत, पुढे एक बंडी किंवा ट्रॅक्टर असेल तर पाच-पाच मिनिटं तुमची गाडी त्या धुळीतच श्वास घेते. धुळीतली बारीक रेती रिंगा आणि बोअर यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखी चालते. माझ्याकडे रिंगा गेलेल्या ज्या गाड्या येतात, त्यांतल्या बहुतेकांचा एअर फिल्टर मी उघडतो तेव्हा एक तर फाटलेला असतो, नाहीतर बसवताना कड नीट न बसल्याने बाजूने धूळ आत गेलेली असते. फिल्टर फोमचा असेल तर रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन, वाळवून, ऑइलमध्ये भिजवून पिळून बसवा. तेलकट कागदाचा असेल तर हवा मारून साफ करू नका, त्याने कागदावरचं तेल जातं आणि धूळ थेट आरपार जाते. तो बदलायचाच असतो, आणि पुस्तकात लिहिलंय त्याच्या अर्ध्या पल्ल्यावर बदला. ऑइलच्या नंबरावर आपण जेवढं बोलतो त्याच्या चौथा हिस्सा जरी एअर फिल्टरवर बोललो असतो तरी निम्मी इंजिनं वाचली असती, असं मला मनापासून वाटतं. फिनमध्ये अडकलेला चिखल आणि शेणही आठवड्याला ब्रशने काढा, गाडी थंड असताना. एका फिनमधला चिखल निघाला की तेवढी हवा मोकळी झाली.

ऑइल बदलण्याचा पल्लाही पुस्तकापेक्षा आखूड ठेवा. तुमच्यासारख्या गाडीला मी अडीच हजार किलोमीटर सांगतो. त्याला कारण आहे. या मल्टिग्रेड, म्हणजे दोन आकड्यांच्या ऑइलांत तापल्यावर घट्टपणा टिकावा म्हणून लांब साखळ्यांची रसायनं घालतात. मोटरसायकलमध्ये त्याच ऑइलातून गिअरचे दाते फिरतात आणि त्या साखळ्या चरकात घातल्यासारख्या तुटतात. ४० नंबरचं ऑइल हळूहळू ३० सारखं वागायला लागतं. गिअर आधी गुळगुळीत पडत होते आणि आता अडायला लागले, न्यूट्रल सापडेना, असं झालं की मी किलोमीटर विचारायच्या आधी सांगू शकतो, ऑइलचा दम संपलाय. ऑइल कोमट इंजिनातून काढा, म्हणजे गाळ घेऊन बाहेर येतं. ड्रेन बोल्टचा वायसर पाहा, आणि बोल्ट बेताने आवळा: खालचं कव्हर ॲल्युमिनियमचं आहे, जोर लावला की आटे जातात. दर तिसऱ्या-चौथ्या बदलीला ती सेंट्रिफ्युगल फिल्टरची वाटी आणि जाळी साफ करायला सांगा. बरेच मिस्त्री सांगितल्याशिवाय ते कव्हर उघडत नाहीत, कारण पॅकिंग बदलावं लागतं. पॅकिंगचे पैसे द्या आणि समोर उभं राहून करून घ्या.

ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या. पिंपातलं सुटं ऑइल काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. आणि रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडून जाऊ नका, पान्याने भोक पाडा. चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यांना विकत घेणारे फिरतात, आणि त्या डब्यांत पुढे काय भरलं जातं ते मी पाहिलंय. निघालेलं काळं ऑइल विहिरीजवळ, नाल्यात ओतू नका. बंडीच्या आखाला किंवा वाळवी लागलेल्या खांबाला लावायला लोक नेतात, पण ते हाताला लागलं तर साबणाने धुवा, कातडीला वाईट असतं.

तुमच्या प्रश्नात नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागेल म्हणून दोन ओळी. पेट्रोल कारला ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असेल तर तेच टाका, पातळ दिसतं म्हणून बदलू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असेल, तर तिला कमी राखेचंच ऑइल लागतं. जुनं ट्रॅक्टरचं ऑइल टाकलं की तो फिल्टर तुंबतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

आता तुम्ही एवढं करा. आज पट्टी पाहून वरच्या खुणेपर्यंत भरा. आहे त्याच नंबरचं भरा, जासो एमए पाहून. किलोमीटर वहीत लिहा, दुधाच्या हिशेबाच्या वहीतच लिहिलं तरी चालेल. पाचशे किलोमीटरनंतर परत पाहा आणि किती भरावं लागलं ते मापाने मोजा, अंदाजाने नको. पुठ्ठ्यावर डाग आहे का, चेनच्या कव्हरमध्ये ऑइल आहे का, धूर कधी येतो, सकाळी की चढावर, तेही लिहा. पाचशेला पन्नास-साठ मिली गेलं तर पुढच्या बदलीला २०डब्ल्यू-४० टाकून आणि दर आठवड्याला पट्टी पाहून तुम्ही ती गाडी अजून चांगला काळ चालवाल. सव्वाशे मिली किंवा जास्त जात असेल आणि गळती नसेल, तर इंजिन उघडावं लागेल. ते भर उन्हाळ्यात लांबवू नका, ४५ अंशांत ओझं घेऊन चालताना ऑइल कमी पडलं की पिस्टन जाम व्हायला एक चढ पुरतो.

दुधाचा धंदा थांबत नाही हे मला कळतं, म्हणून काम लावायच्या आधी दोन दिवसांसाठी दुसरी गाडी बघून ठेवा. बोअर करून नवीन पिस्टन-रिंगा बसल्या की पहिले पाचशे किलोमीटर एका वेळी एकच कॅन, रेस बेताची. त्यानंतर पहिलं ऑइल काढून टाका. आणि मग त्या इंजिनात पुन्हा पुस्तकातलं १०डब्ल्यू-३० च भरा, कारण तेव्हा त्याच्या फटी परत पुस्तकातल्या मापाच्या झालेल्या असतील.